मिळेल ते काम

१३ डिसेंबर १९२७ ला शिकागोमध्ये लुई आर्मस्ट्राँगचा ‘हॉट फाइव्ह’ बँड ‘हॉटर दॅन दॅट’ रेकॉर्ड करत होता. आर्मस्ट्राँग आधी वाजवतो, क्लॅरिनेट येऊन जातं, आणि मग तो वाद्य बाजूला ठेवून तोंडानेच सूर टाकायला लागतो. शब्द नाहीत, नुसते बोल. मध्येच बाकीचा बँड गप्प होतो आणि त्याच्या मागे एकटी गिटार उरते. आर्मस्ट्राँग चारच्या ठेक्यावर तीन-तीनचे तुकडे टाकत लयीला आडवा जातो. ऐकताना वाटतं, आता हा पडणार. गिटार मात्र जागची हलत नाही. पुढे तर ठेकाही सुटतो आणि दोघांचे सवाल-जवाब सुरू होतात. गळा एक ओळ म्हणतो, गिटार ती ऐकून घेते आणि स्वतःच्या वळणाने परत करते.

हा गिटारवाला, लॉनी जॉन्सन, त्या बँडचा नव्हताच. बँडचा नेहमीचा बँजोवादक जॉनी सेंट सिर तिथे होता. जॉन्सनला त्या महिन्यातल्या कामापुरतं पाहुणा म्हणून बोलावलं होतं. ओके या रेकॉर्ड कंपनीने त्याच्याशी करार केला होता तो ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची दुःखाची गाणी, गाणारा म्हणून. पुढच्या वर्षी त्याच कंपनीने त्याला ड्यूक एलिंग्टनच्या ऑर्केस्ट्रात बसवलं आणि ‘द मूच’मध्ये त्याची गिटार आली. जॅझमधली त्या काळातली दोन सर्वांत मोठी नावं एका वर्षाच्या आत या माणसाला साथीला घेतात. तरीही जॅझच्या इतिहासात त्याच्या वाट्याला दोन-चार ओळी येतात आणि ब्लूजच्या इतिहासात एखादं प्रकरण. मला याचा राग येतो. इतिहास लिहिणाऱ्यांनी दोन कप्पे केले, आणि ज्याने आयुष्यभर दोन्हीकडे काम केलं तो माणूस मधल्या फटीत गेला.

मी त्याला बरीच वर्षं ऐकत आले आहे. जेवढं ऐकत गेले तेवढं एक पक्कं होत गेलं. लॉनी जॉन्सन कळायचा असेल तर त्याच्याकडे आधी काम करून पोट भरणारा माणूस म्हणून बघायला हवं. आपल्याकडेही असे वादक मी पाहिले आहेत. सकाळी क्लास घेतात, दुपारी नोकरी करतात आणि संध्याकाळी ज्याची सुपारी असेल त्याच्या मागे बसतात. अभंग असो, गझल असो, नाट्यगीत असो, पत्रिकेच्या तळाशी बारीक अक्षरात नाव आणि शेवटी पाकिटात बिदागी. त्यांच्या हाताला ही वेगवेगळी गाणी परकी नसतात. जॉन्सनच्या हातालाही नव्हती.

त्याचा जन्म न्यू ऑर्लीन्सचा. पासपोर्टवर १८९९ साल आहे, काही अभ्यासक ते चार-पाच वर्षं मागे नेतात. घर वाजवणाऱ्यांचं. आमच्या घरात काही ना काही वाजवावंच लागायचं, निदान पत्र्याचा डबा तरी बडवायचा, असं तो सांगायचा. वडिलांचा तंतुवाद्यांचा बँड लग्नांत आणि मेजवान्यांत वाजवायचा, त्यात हा पोरगा व्हायोलिन घेऊन बसायचा. व्हायोलिनची ही सवय पुढे फार महत्त्वाची ठरली. त्या काळी बँडमध्ये गिटारचं काम ठेका भरण्याचं, म्हणजे सगळ्या तारा एकदम छेडून मागे लय चालू ठेवायची. व्हायोलिनवाल्याला मात्र एकाच तारेवर गाणं म्हणायचं असतं. जॉन्सनने तेच गिटारवर आणलं. एकेक सूर सुटा, त्याला शेवटी हलकं कंपन, मध्येच तार दाबून घेतलेली छोटी मींड. गिटार सोलो म्हणून आज जगभर जे वाजतं त्याच्या मुळाशी ही चाल आहे. गिटार तिथवर पोहोचायला तंत्राचाही हात लागला. १९२५ नंतर मायक्रोफोनने रेकॉर्डिंग सुरू झालं, त्याआधी कर्ण्यापुढे बसून वाजवायला लागायचं आणि कर्ण्याला बँजोसारखं कडक वाद्यच ऐकू जायचं. मायक्रोफोन आला आणि गिटारचा मऊ आवाज तबकडीवर उमटायला लागला. जॉन्सनची पहिली रेकॉर्ड याच सुमाराची, १९२५ च्या नोव्हेंबरातली.

पण त्याआधी १९१७ मध्ये तो एका नाचगाण्याच्या कंपनीबरोबर इंग्लंडला गेला होता. १९१९ मध्ये परत आला तेव्हा घर उरलं नव्हतं. इन्फ्लुएन्झाच्या साथीने सगळं कुटुंब नेलं होतं, भाऊ जेम्स तेवढा वाचला होता. या वाक्यापाशी मी नेहमी थबकते. नंतरच्या त्याच्या गाण्यात जी एक सावध उदासी आहे, कुठेही रडायला न लागणारी, तिचा उगम इथे शोधायचा मोह होतो. पण तसं म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही आणि माणसाचं गाणं त्याच्या दुःखाला इतक्या सरळ दोरीने बांधू नये असं मला मनापासून वाटतं. दोघे भाऊ १९२१ च्या सुमारास सेंट लुईला गेले आणि जोडीने वाजवू लागले, एवढं खरं.

सेंट लुई म्हणजे मिसिसिपी नदी आणि नदीवरच्या नाचाच्या बोटी. संध्याकाळी बोट सुटायची, वर बँड वाजायचा, लोक नाचायचे, रात्री बोट धक्क्याला परत. फेट मॅरेबल हा त्या बोटींवरचा कडक बँडमास्तर. त्याच्याकडे नोटेशन वाचल्याशिवाय निभाव लागत नसे. आर्मस्ट्राँगही त्याच्या हाताखालून गेलेला. जॉन्सनने तिथे वाजवलं, चार्ली क्रीथच्या बँडमध्ये वाजवलं. म्हणजे ब्लूजची पहिली रेकॉर्ड करण्याआधी तो बँडचा तयार वादक होता. कापसाच्या शेतातून थेट स्टुडिओत आलेला गवयी अशी ब्लूजवाल्याची जी प्रतिमा रूढ आहे तिच्यात तो कुठेच बसत नाही.

ब्लूज त्याच्याकडे आला तो स्पर्धेतून. सेंट लुईच्या बुकर टी. वॉशिंग्टन थिएटरमध्ये कित्येक आठवडे चाललेली स्पर्धा होती आणि बक्षीस होतं ओके कंपनीचा रेकॉर्डिंगचा करार. तो जिंकला. पुढे त्याने साधेपणाने सांगून टाकलं की रेकॉर्ड निघावी म्हणून मी काहीही गायलो असतो. स्पर्धा ब्लूजची होती, म्हणून ब्लूज गायलो. मला हे फार आवडतं. यात कुठे खोटेपणा नाही आणि ब्लूजचा अपमानही नाही. काम मागायला गेलेल्या माणसाने जे काम समोर होतं ते उत्तम करून दाखवलं, इतकंच. मात्र त्या एका करारानंतर त्याच्या कपाळावर जो शिक्का बसला तो मरेपर्यंत पुसला गेला नाही.

ओकेने त्याला राबवून घेतलं. १९२५ ते १९३२ या काळात त्याने त्यांच्यासाठी सव्वाशेच्या वर बाजू (तबकडीच्या एका बाजूला एक गाणं) रेकॉर्ड केल्या. या रेकॉर्डी कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांसाठी वेगळ्या क्रमांकांच्या मालिकेत निघायच्या, त्यांना ‘रेस रेकॉर्ड्स’ म्हणत. त्या धंद्यात कलाकाराच्या हातात बहुधा ठरावीक रक्कम पडायची, रॉयल्टीचं नाव कुणी काढत नसे. तेव्हा जास्त पैसे हवे तर जास्त गाणी करायची, आणि दुसऱ्यांच्या गाण्यांना साथ करायची. जॉन्सनने भरपूर साथ केली. ब्लूजगायिका व्हिक्टोरिया स्पायव्हीला केली. १९२९ मध्ये बेसी स्मिथ या दुसऱ्या ब्लूजगायिकेच्या कंपनीबरोबर दौरा केला. दरम्यान मेरी स्मिथशी लग्न झालं होतं, तीही ब्लूज गाणारी. सहा मुलं झाली. १९३२ मध्ये ते लग्न मोडलं.

साथीचं खरं कसब बघायचं असेल तर टेक्सस अलेक्झांडरच्या रेकॉर्डी ऐकाव्यात. अलेक्झांडर शेतातल्या हाका आणि मजुरांची गाणी गाणारा, त्याला कोणतंही वाद्य येत नव्हतं. मोजून गाणं त्याच्या स्वभावात नव्हतं. बारा मात्राखंडांचा ब्लूज तो साडेअकरात संपवायचा, नाहीतर चौदापर्यंत ताणायचा, वाटेल तिथे थांबायचा. त्याला साथ करणं किती अवघड होतं हे जॉन्सनने नंतर सांगितलंय: हा माणूस एक बार, म्हणजे मात्राखंड, गाळेल की पाच, याचा नेम नसायचा. आता त्या रेकॉर्डी लावा. गिटार कुठेही धावपळ करत नाही. अलेक्झांडर लवकर आला तर ती आधीच तिथे उभी असते, आणि त्याने ओळ लांबवली तर ती खाली एक छोटी तान गुंफून जागा भरून काढते. गायकाला कधी चुकवत नाही, आणि गायक चुकला असं ऐकणाऱ्याला कधी वाटू देत नाही. सम कुठे आहे हे ठरवण्याचा हक्क गवयाला देऊन टाकायचा आणि तरी ठेका आपल्या हातात ठेवायचा, हे ज्याला जमतं त्याला मी थोर म्हणते. यावर टाळ्या पडत नाहीत.

आणि एडी लँग. इथे मी जरा जास्त रेंगाळणार आहे. लँगचं खरं नाव साल्वातोरे मासारो, फिलाडेल्फियातल्या इटालियन घरातला मुलगा, त्या काळचा गोऱ्या जॅझमधला पहिल्या क्रमांकाचा गिटारवादक. तोही लहानपणी व्हायोलिन शिकलेला. १९२८ आणि १९२९ मध्ये या दोघांनी ओकेसाठी गिटारच्या जुगलबंद्या केल्या, सगळ्या मिळून दहाच्या आसपास. पण काळा आणि गोरा एकत्र वाजवतात हे रेकॉर्डवर छापायची सोय नव्हती. माल रेस रेकॉर्ड्सच्या मालिकेत जाणार होता. मग लँगला नवं नाव देण्यात आलं, ‘ब्लाइंड विली डन’. आंधळे ब्लूजवाले बाजारात खपत होते म्हणून डोळस लँग कागदावर आंधळा झाला. एरवी कृष्णवर्णीय माणसाला लपावं लागायचं त्या देशात एका गोऱ्या माणसाला काळं नाव घेऊन लपावं लागलं. कंपनीने हे फक्त धंद्यासाठी केलं, पण त्या खोट्या नावाआड अमेरिकेची सगळी फाळणी दिसते.

संगीतात मात्र फाळणी नाही. ‘अ हँडफुल ऑफ रिफ्स’ लावलं की पहिल्या चार-पाच सेकंदांत कळतं. लँग खाली स्वरसंगती भक्कम बांधतो, त्याचा हात नेमका, जवळजवळ घड्याळी. त्यावर जॉन्सन मोकळा सुटतो. एकापाठोपाठ एक कल्पना येत राहतात, कुठलीही दोनदा नाही. तो लँगपेक्षा चपळ वाजवतो, पण लँगला खाली दाखवण्याचा प्रयत्न नसतो. एखादी जागा लँगची असेल तर तो तिथून बाजूला होतो. लँगबरोबर वाजवण्याचे ते दिवस आपल्या सर्वांत आनंदाच्या दिवसांपैकी होते अशी आठवण जॉन्सन नंतरही काढत असे. १९३३ मध्ये टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर लँग गेला. तीसच वर्षांचा होता.

याच वर्षांतली जॉन्सनची स्वतःची गाणीही चांगली आहेत. १९२७ मध्ये मिसिसिपीला महापूर आला, लाखो माणसं बेघर झाली, आणि बांध सावरायला कृष्णवर्णीय मजुरांना बळजबरीने जुंपण्यात आलं. ‘ब्रोकन लेव्ही ब्लूज’ या १९२८ मधल्या गाण्यातला माणूस पोलिसांनी धरलेला आहे आणि तरी बांधावर काम करायला नकार देतो. तक्रार नाही, आकांत नाही, नुसता ठाम नकार. त्याच्या शहरी, नीटनेटक्या उच्चारांत हा नकार फार धारदार वाटतो. याच गुणामुळे पुढच्या पिढीने त्याला उचललं. मिसिसिपीचा रॉबर्ट जॉन्सन, ज्याच्याभोवती दंतकथांचा एवढा मोठा डोंगर उभा राहिलाय, त्याने १९३७ मध्ये केलेल्या दोन गाण्यांत लॉनीची चाल आणि लॉनीचा हात स्पष्ट ऐकू येतो. दोघांचं नातं काही नव्हतं, आडनाव फक्त एक. ब्लूज गिटारवादक बी. बी. किंग तर आयुष्यभर लॉनीचं नाव घेत राहिला.

मग मंदी आली. अमेरिकेत १९२७ मध्ये दहा कोटींच्या वर रेकॉर्डी विकल्या गेल्या होत्या, १९३२ मध्ये त्या सुमारे साठ लाखांवर आल्या. आकडा वाचला की त्याच्या मागची माणसं दिसायला लागतात. ज्यांच्याकडून कंपनी आठवड्याला गाणी करून घेत होती त्यांना निरोप पाठवायचंही कुणाला कारण उरलं नाही. १९३२ नंतर जॉन्सनची पुढची रेकॉर्ड थेट १९३७ मधली. मधल्या मंदीच्या काळात तो इलिनॉयमधल्या पिओरिया इथे पोलादाच्या कारखान्यात होता, क्लीव्हलँडलाही राहिला, तिथे अधूनमधून बँडमागे आणि रेडिओवर वाजवायचा. पोलादाच्या कारखान्यातले हात आणि लँगबरोबर वाजवणारे हात तेच. बोटं सांभाळायची चैन त्याला परवडणारी नव्हती.

पुढची दहा वर्षं मी भराभर सांगते, कारण त्यात चढउतार आहेत, वळण नाही. डेक्का कंपनी, मग ब्लूबर्ड; १९३९ मध्ये पहिल्यांदा इलेक्ट्रिक गिटार; युद्धाच्या वर्षांत एक-दोन गाणी चांगली चालली. युद्धानंतर तो सिनसिनाटीच्या किंग कंपनीकडे आला.

तिथे १९४८ मध्ये जे झालं ते कुणाच्याच हिशेबात नव्हतं. ‘टुमॉरो नाइट’ हे जुनं, हळुवार प्रेमगीत त्याने गायलं. ब्लूज नाही, जॅझही नाही, सरळ भावगीत. सात आठवडे ते कृष्णवर्णीय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होतं आणि गोऱ्यांच्या यादीतही शिरलं. पासपोर्टप्रमाणे तेव्हा तो पन्नाशीला टेकला होता. सहा वर्षांनी मेम्फिसमध्ये एल्व्हिस प्रेस्ली नावाच्या एकोणीस वर्षांच्या मुलाने तेच गाणं रेकॉर्ड केलं. जॉन्सनचा आवाज इथे ऐकावा: थोडा अनुनासिक, गोड, शब्द अगदी स्वच्छ, आणि गिटार इतकी कमी की जणू तिने स्वतःहून मागे बसायचं ठरवलंय. आर्मस्ट्राँगपुढे उभा राहिलेला हात इथे एका साध्या गाण्यासाठी चार सूर ठेवतो आणि थांबतो.

१९५२ मध्ये तो इंग्लंडला गेला. त्याच कार्यक्रमात वाजवणाऱ्या टोनी डोनेगन नावाच्या तरुणाने त्याच्यावरून स्वतःचं नाव लॉनी करून घेतलं. पुढे त्याच लॉनी डोनेगनने ब्रिटनभर स्किफलची, म्हणजे साध्या घरगुती वाद्यांवरच्या गाण्यांची, लाट आणली आणि त्या लाटेत लिव्हरपूलच्या पोरांनी, म्हणजे पुढच्या बीटल्सनी, गिटारी घेतल्या. जॉन्सन मात्र परत आला, फिलाडेल्फियात राहू लागला, आणि काम संपलं. रॉक अँड रोल आलं होतं. पन्नाशीच्या पुढच्या भावगीतवाल्याला कोण बोलावणार?

१९५९. फिलाडेल्फियात ख्रिस अल्बर्टसन नावाचा आइसलँडमध्ये जन्मलेला तरुण रेडिओवर जॅझचा कार्यक्रम करायचा. त्याला एल्मर स्नोडेन भेटला होता. ज्या बँडचा पुढे ड्यूक एलिंग्टन ऑर्केस्ट्रा झाला त्याचा हा मूळ प्रमुख, आणि तेव्हा गाड्यांच्या पार्किंगवर कामाला. अल्बर्टसनने रेडिओवर लॉनी जॉन्सनची रेकॉर्ड लावली आणि सहज म्हणाला, हा माणूस आता कुठे असेल? स्नोडेनने कळवलं की तो तर याच शहरात आहे. अल्बर्टसनने नंतर सांगितलेल्या आठवणीप्रमाणे आणखी एका श्रोत्याचा फोन आला. बेंजामिन फ्रँकलिन हॉटेलात आमच्याबरोबर लॉनी जॉन्सन नावाचा एक झाडलोट करणारा आहे, तो काही गाणारा वाटत नाही. पण एक आहे, तो हातांना फार जपतो, काम करताना हातमोजे घालतो.

ब्लूजच्या गोष्टींत असे शोध पुष्कळ आहेत. १९६३-६४ मध्ये गोरी कॉलेजची पोरं जुन्या रेकॉर्डींवरचे गावांचे उल्लेख धुंडाळत दक्षिणेत उतरली आणि त्यांनी मिसिसिपी जॉन हर्ट, स्किप जेम्स, सन हाउस यांना शोधून काढलं. त्या पोरांबद्दल मला आदर आहे. त्यांनी केलं नसतं तर कितीतरी सूर कायमचे गेले असते. पण जॉन्सनची गोष्ट त्याच साच्यात घालून सांगतात तेव्हा मला ते पटत नाही. हर्टने तीस-पस्तीस वर्षं रेकॉर्डिंग केलं नव्हतं. जॉन्सनचं गाणं पहिल्या क्रमांकावर येऊन अकराच वर्षं झाली होती. तो शहराच्या मधोमध एका मोठ्या हॉटेलात रोज कामावर जात होता. सापडायला तो आधी हरवायला तर हवा होता! पोलादाच्या कारखान्यात गेला तसाच तो हॉटेलात गेला, पगार मिळतो म्हणून, आणि दोन्ही वेळा परत वाजवायला बोलावणं आलं तेव्हा तयार होता. हातमोजे त्यासाठीच होते. माझ्या दृष्टीने या सगळ्या कथेत त्या हातमोज्यांइतकं बोलकं काही नाही. झाडू हातात असतानाही तो स्वतःला गिटारवादकच समजत होता, त्याला कुणी शोधायची वाट न बघता.

८ मार्च १९६० ला न्यू जर्सीमध्ये रूडी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत प्रेस्टीज कंपनीच्या ब्लूजव्हिल मालिकेसाठी त्याची रेकॉर्ड झाली. महिन्याभरात दुसरी झाली, तीत स्नोडेन शेजारी बसला होता. तिच्यात ‘सॅव्हॉय ब्लूज’ आहे, आर्मस्ट्राँगबरोबर १९२७ मध्ये वाजवलेलंच. दोन म्हातारे, एकाकडे इलेक्ट्रिक गिटार, दुसऱ्याकडे साधी. घाई कुणालाच नाही. मधल्या तेहतीस वर्षांचा गाजावाजा करायचा नाही असं जणू दोघांनी ठरवलेलं.

या दुसऱ्या रेकॉर्डच्या नावातच ब्लूज आणि बॅलड, म्हणजे भावगीत, दोन्ही आहेत, आणि यावरूनच पुढे कुरबुर सुरू झाली. नव्या श्रोत्यांना त्याच्याकडून ब्लूज हवा होता, आणि तोही जुना, खरखरीत, दुःखी. त्याला भावगीतं गायची होती. न्यू यॉर्कच्या ग्रिनिच व्हिलेजमधल्या फोकच्या, म्हणजे लोकगीतांच्या, अड्ड्यांवर, युरोपात, सगळीकडे तो संधी मिळाली की एखादं जुनं प्रेमगीत काढायचा आणि समोरची तरुण मंडळी अस्वस्थ व्हायची. हा अस्सल नाही, असं त्यांना वाटायचं. मला या मंडळींना विचारावंसं वाटतं की ज्या गाण्याने त्याच्या आयुष्यात सर्वांत जास्त लोकांना रिझवलं ते त्याने का टाकायचं? त्याच्याच लोकांनी, जूकबॉक्समध्ये नाणी टाकून, ते सात आठवडे वर ठेवलं होतं. अस्सलपणा कशात आहे हे ठरवायला मात्र दुसरेच लोक आले. त्यातही बॉब डिलनसारखा एखादा निघाला, ज्याने त्या दिवसांत लॉनीकडून गिटारची एक वेगळीच रीत शिकल्याचं पुढे आठवणीने लिहिलं.

१९६३ मध्ये अमेरिकन फोक ब्लूज फेस्टिव्हलबरोबर तो युरोपभर फिरला. मडी वॉटर्स, सनी बॉय विल्यमसन, विली डिक्सन, ओटिस स्पॅन असा सगळा ताफा होता, जुनी सोबतीण व्हिक्टोरिया स्पायव्हीही होती. त्या वेळचं टेलिव्हिजनवरचं चित्रण उपलब्ध आहे. पाहाच. सूटबूट, केस व्यवस्थित, उभं राहणं ताठ. त्याच्या चेहऱ्यावर दुःख शोधत बसू नका, हात बघा. डावा हात किती कमी हलतो आणि त्यातून किती येतं.

१९६५ च्या मे महिन्यात तो टोरांटोला वाजवायला गेला. पहिल्या ठिकाणी ऐकायला चार माणसं होती. चार. दोन आठवड्यांनी दुसऱ्या क्लबात गर्दी झाली, आणि त्याने त्याच शहरात राहायचं ठरवलं. वर्णावरून होणारा त्रास तिथे अमेरिकेपेक्षा कमी होता, हेही एक कारण. त्याच वर्षी जिम मॅकहार्गच्या डिक्सीलँड बँडबरोबर त्याची रेकॉर्ड निघाली, म्हणजे साठी ओलांडल्यावर स्वारी पुन्हा न्यू ऑर्लीन्सच्या चालीत. १९६६ मध्ये यॉर्कव्हिल अॅव्हेन्यूवर त्याने स्वतःचा क्लब काढला. तो चालला नाही. मालकी दुसऱ्याकडे गेली आणि त्या नव्या मालकाने जॉन्सनलाच कामावरून काढलं. तो इतर ठिकाणी वाजवत राहिला.

मार्च १९६९ मध्ये टोरांटोत फुटपाथवरून चालताना एक गाडी त्याच्यावर आली. कंबरेचं हाड मोडलं, मूत्रपिंडांना मार बसला. मे महिन्यात त्याच्या मदतीसाठी कार्यक्रम झाला, त्यात जॉन ली हूकरसह कितीतरी जण गायले. ऑगस्टमध्ये पक्षाघाताचा झटका आला. २३ फेब्रुवारी १९७० ला टोरांटोच्या मॅसी हॉलमध्ये बडी गाय या ब्लूज गिटारवादकाचा कार्यक्रम होता. जॉन्सन काठी टेकत मंचावर आला, बडी गायच्या साथीने एक-दोन गाणी गायला, आणि सगळं सभागृह उभं राहिलं. साथीला बसण्यात ज्याचा जन्म गेला त्याला त्या रात्री त्या काळातल्या एका फार मोठ्या गिटारवाल्याची साथ मिळाली, याचं मला आजही बरं वाटतं. १६ जून १९७० ला तो गेला. टोरांटोतल्या मित्रांनी तिथे निरोप दिला, पण घरच्यांच्या आग्रहावरून त्याला फिलाडेल्फियाला नेऊन पुरण्यात आलं.

कुणी विचारलं की त्याचं काय ऐकू, तर मी दोन गाणी लागोपाठ लावून देते. आधी १९२९ मधलं ‘अ हँडफुल ऑफ रिफ्स’ आणि लगेच १९४८ मधलं ‘टुमॉरो नाइट’. पहिल्यातला गिटारवाला कोण, दुसऱ्यातला गवई कोण, असं बहुतेक जण वेगवेगळं विचारतात. दोन्ही गाणी पूर्ण होईपर्यंत मी काही सांगत नाही.